दोनशे चौदाव्या पानाचा खालचा भाग

मित्रांनो, मला उचलायला दोन्ही हात लागतात. एका हाताने उचलू पाहणाऱ्याच्या मनगटात मी कळ आणते. मी एक जुनी नोंदवही आहे, लग्नांची नोंदवही. जॉर्जियातल्या मॅकेल्वी काउंटीच्या कोर्टात माझे आयुष्य गेले, आणि त्यातली निम्मी वर्षे तळघरात गेली. माझ्या एकेका पानावर एकेक जोडपे आहे. त्यांतल्या एका जोडप्याची गोष्ट मला सांगायची आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म अटलांटातल्या एका बांधणीच्या कारखान्यात झाला. जाड सुती कागद, कोपऱ्यांना लाल चामडे, पाठीवर सोनेरी अक्षरे. त्याच खोक्यात माझी एक बहीणही होती. तिचा कागद तोच, चामडे तेच, छपाई तीच. फरक एवढाच की तिच्या पाठीवर ‘गोरे’ असे उमटवले होते आणि माझ्या पाठीवर ‘रंगीत’. काळ्या माणसांना तेव्हा कागदोपत्री तसे म्हणत. बहिणीला मोठ्या दालनात, पंख्याखाली जागा मिळाली. मला बाजूच्या बोळात उघडणाऱ्या एका खिडकीशी ठेवले. कारकून मात्र दोघींना एकच होता.

माझ्या प्रत्येक पानाचे दोन भाग आहेत. वर परवाना, खाली दाखला. लग्न करायचे तर आधी दोघांनी कोर्टात यायचे, रक्त तपासल्याचा डॉक्टरचा कागद दाखवायचा, वय सांगायचे आणि हात वर करून शपथ घ्यायची. मग कारकून वरचा भाग भरतो, दोघे सह्या करतात, आणि परवान्याचा सुटा कागद त्यांच्या हाती पडतो. तो पाद्र्याकडे न्यायचा. लग्न लावल्यावर पाद्री त्यावर तारीख घालतो, सही करतो आणि कागद कोर्टात परत आणून देतो. तो मजकूर माझ्या खालच्या भागात उतरला की लग्न झाले असे सरकार धरते. खालचा भाग कोरा राहिला, तर चर्चमध्ये कितीही माणसे जेवून गेलेली असोत, सरकारच्या लेखी काहीच झालेले नसते.

सुरुवातीची वर्षे फार छान गेली. लाकडाच्या गिरणीतले कामगार, पांढऱ्या मातीच्या खाणीतले मजूर, गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका, शाळामास्तर, सगळे माझ्या खिडकीशी येत. चांगले कपडे घालून येत. एकदा साठीचा एक सुतार आला. नवऱ्या मुलीचे पूर्ण नाव विचारल्यावर तो डोके खाजवू लागला आणि शेवटी म्हणाला, “आम्ही तिला चौदा वर्षं ‘सिस’च म्हणतोय.” ती बाई शेजारीच उभी होती. हसता हसता तिची टोपी घसरली. असे दिवस होते ते.

कारकुनाचे नाव थर्मन गॅडी. त्याचे अक्षर असे की न्यायाधीश येता-जाता माझे पान उघडून बघत. गॅडी दुष्ट नव्हता, मित्रांनो, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याला घरी आजारी आई होती, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असत. पण मोठ्या दालनातून हाक आली की तो माझ्यावरचे काम अर्धे टाकून उठे, आणि परत आल्यावर ते त्याच्या लक्षात राहीलच असे नसे. बहिणीच्या बाबतीत तसे कधी झालेले मी पाहिले नाही.

एकोणीसशे पन्नासच्या सप्टेंबरात, एका गुरुवारी, ओलेथा आणि एझेल आले. ती ओलेथा वॉटली, वय एकोणीस, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तो एझेल प्रुइट, वय बावीस, गिरणीत लाकडे मोजणारा. कोरियात लढाई सुरू झाली होती आणि त्याला सैन्यात हजर होण्याचे पत्र आले होते.

“घाई दिसते, एझेल,” गॅडी म्हणाला. काळ्या पुरुषाला तो कधी आडनावाने हाक मारत नसे.

“हो, साहेब. सरकारला माझी आठवण आली ना. म्हटलं, हिला विसर पडायच्या आत उरकून घ्यावं.”

“तुझी बडबड विसरायला दोन जन्म लागतील,” ओलेथा हळूच म्हणाली.

एझेलने सही केली. त्याच्या हाताला लाकडावर खडूने आकडे टाकायची सवय. त्यामुळे सही मोठी आली, रेघेच्या बाहेर गेली. ‘प्रुइट’मधला शेवटचा फराटा त्याने असा ओढला की तो थेट ओलेथाच्या नावापर्यंत पोहोचला. गॅडीने च्च केले, पण खोडले नाही. ते माझे दोनशे चौदावे पान.

रविवारी शाईलो चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले. लावणारे रेव्हरंड पर्व्हिस टायसन. माझ्या पानांवर त्यांची सही फार ठिकाणी आहे. त्या भागातल्या निम्म्या काळ्या जोडप्यांची लग्ने त्यांनीच लावली होती. लग्न लावले की दोन दिवसांत कागद परत, हा त्यांचा नेम. याही वेळी ते मंगळवारी दुपारी आले. त्या वेळी गॅडी मला पुढ्यात घेऊन बसला होता. डेट्रॉइटला गेलेल्या एका जोडप्याला नक्कल हवी होती, म्हणून त्याने सत्त्याण्णवावे पान उघडले होते.

“वॉटली आणि प्रुइटचा दाखला, साहेब,” रेव्हरंड म्हणाले.

“दे इकडे.”

गॅडीने कागद घेतला, नजर टाकली, कोपऱ्यात काहीतरी खरडले. तेवढ्यात दालनातून कोणीतरी त्याला बोलावले. त्याने तो कागद माझ्या उघड्या पानावर ठेवला आणि मला मिटले. “लिहितो नंतर,” तो म्हणाला. रेव्हरंडनी हॅट डोक्यावर ठेवली आणि ते निघून गेले.

तो ‘नंतर’ कधी आला नाही.

कागद आत, पानांच्या शिवणीशी जाऊन बसला होता. त्याचा स्पर्श मला कळत होता. सत्त्याण्णवावे पान पुन्हा कोणाला लागले नाही, कारण ते डेट्रॉइटचे लोक परत कधी काही मागायला आले नाहीत. मी रोज उघडली जात होते, पण पुढच्या पानांवर.

जानेवारीत ओलेथा आली. कोट पोटावर बसत नव्हता. सैनिकाच्या बायकोला सरकारकडून दरमहा काही मिळते, त्यासाठी लग्नाच्या दाखल्याची नक्कल हवी होती. गॅडीने सूची पाहिली, दोनशे चौदावे पान उघडले आणि थांबला.

“खाली कोरं आहे,” तो म्हणाला. “तुझ्या पाद्र्यानं कागद परत आणला नाही.”

“रेव्हरंड टायसननी आणला असेल, साहेब. ते कधी चुकत नाहीत.”

“माझ्या हाती आलेला कागद मी लिहितोच. इथे नाही म्हणजे आलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी रेव्हरंड तिच्याबरोबर आले. हॅट हातात होती.

“मंगळवारी दुपारी मी स्वतः तुमच्या हातात दिला, साहेब. तुम्ही याच खिडकीशी बसला होता. मी शपथेवर लिहून द्यायला तयार आहे.”

गॅडीचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी कोर्टात बसून खोटं बोलतोय, असं तू लिहून देणार?”

बोळात आणखी दोन-तीन माणसे उभी होती. सगळी आपापल्या बुटांकडे पाहू लागली.  एकोणीसशे एक्कावन्न साल होते. कोर्टातल्या गोऱ्या माणसाला खोटे ठरवणाऱ्या काळ्या माणसाचे काय होते, हे बोळातल्या सगळ्यांना माहीत होते.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “माझीच काही चूक झाली असेल.”

गॅडीने खण उपसले, टेबलाखाली पाहिले, केराची टोपलीसुद्धा उलटी केली. तो खरेच शोधत होता. कागद मात्र त्याच्या कोपराखाली, माझ्या पोटात होता. मित्रांनो, वहीला तोंड नसते. त्या दिवशी ते मला जितके बोचले, तितके पुढे पाणी अंगावर आले तेव्हाही बोचले नाही.

“सोपं आहे,” गॅडी शेवटी म्हणाला. आवाज नरम झाला होता. “नवरा सुट्टीवर आला की दोघं या. नवा परवाना देतो.”

ओलेथाने एझेलला तसे कळवले. त्याचे उत्तर तिने पुढच्या खेपेला गॅडीला वाचून दाखवले. एझेलने लिहिले होते, “एकाच बाईशी दोनदा लग्न करणारा आमच्या तुकडीत मी पहिलाच. सोबतची पोरं विचारतात, पहिल्यांदा नीट झालं नव्हतं का?” गॅडीसुद्धा हसला. एझेलला सुट्टी मिळाली नाही. त्याला थेट जहाजावर चढवले. जूनमध्ये मुलगी झाली. तिचे नाव ज्युनेल. ऑक्टोबरात एझेल कोरियातल्या एका टेकडीवर मारला गेला.

आता नवा परवाना कोणाबरोबर काढायचा?

सैन्याने कोर्टाला पत्र लिहून विचारले. गॅडीने आपल्या सुंदर अक्षरात उत्तर लिहिले, की परवाना दिल्याची नोंद आहे, विवाह झाल्याची नाही. ते उत्तर त्याने माझ्यावरच कागद ठेवून लिहिले. त्याच्या टाकाचा दाब मला आजही जाणवतो. त्या एका वाक्याने ओलेथा कोणाची विधवा राहिली नाही आणि ज्युनेल बापाच्या नावाची राहिली नाही. मेलेल्या सैनिकाच्या विधवेला देतात तो घडी घातलेला झेंडासुद्धा एझेलच्या आईकडे गेला.

त्यानंतर एकदा ओलेथा आणि रेव्हरंड टायसन माझ्या खिडकीपुढे समोरासमोर आले. ते दुसऱ्या कोणाचा तरी कागद द्यायला आले होते. ती रांगेत होती.

“ओलेथा, बाळ,” ते म्हणाले, “मी खरंच आणला होता.”

“मग त्या दिवशी चूक झाली असं का म्हणालात?”

त्यांनी खिडकीकडे नजर टाकली. गॅडी खिडकीतच बसला होता.

“तुम्हाला एक कागद सांभाळता आला नाही,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “माझ्या पोरीचं नाव हरवलंत तुम्ही. पुन्हा मला बाळ म्हणू नका.”

बोळातल्या सगळ्यांनी ते ऐकले, आणि जे बोळात ऐकले जाते ते रविवारपर्यंत चर्चमध्ये पोहोचते. पुढे काय झाले ते मला माझ्याच पानांवरून कळले. आधी दर दहा पानांत पाच-सहा ठिकाणी पर्व्हिस टायसन ही सही असे. मग दोन ठिकाणी, मग एका. नवी जोडपी खिडकीशी कुजबुजत, “टायसनकडे नको बाई, ते कागद हरवतात.” चारशेव्या पानानंतर त्यांची सही नाही. शेवटचा कागद द्यायला आले तेव्हा त्यांनी गॅडीकडून पोच लिहून मागितली आणि ती तीनदा वाचली. जाताना स्वतःशीच म्हणाले, “कदाचित मी दिलाच नसेल.” मला ओरडावेसे वाटले.

ओलेथा मात्र येत राहिली. वर्षातून एकदा, कामावरची सुट्टी बघून. नक्कल मागायला नव्हे. एझेलची शेवटची पत्रे एका गळक्या छपराखाली खराब झाली होती आणि त्याच्या हातचे अक्षर तिच्याकडे उरले नव्हते. ते फक्त माझ्या दोनशे चौदाव्या पानावर होते.

“जरा बघू द्याल, साहेब?”

गॅडी मला तिच्याकडे वळवून देई. ती सहीवरून बोट फिरवी, त्या लांब फराट्याच्या शेवटापर्यंत. गॅडी तोवर दुसरीकडे बघे. एका वर्षी त्याने तिच्याबरोबर आलेल्या ज्युनेलला पेपरमिंटची गोळीही दिली. त्या मंगळवारच्या दुपारचे त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हते. तो मनापासून विसरला होता, आणि त्याच मनापासून त्याला ओलेथाची कीव येत असे. माझ्यासमोर ती दोघे अशी उभी राहत, आणि मधे मी.

मग काळ बदलला. दोन वह्यांची पद्धत गेली, सगळ्यांची एकच वही झाली. मला वाटले, आता बहिणीच्या शेजारी जागा मिळेल. बहिणीला वरच कपाटात ठेवले. मला तळघरात नेले, पाणी तापवण्याच्या टाकीच्या मागे. गॅडी निवृत्त झाला आणि दोन वर्षांत वारला. एका हिवाळ्यात तिथला नळ फुटला. तीन दिवस मी पाण्यात होते. कोणीतरी मला उचलून फळीवर टाकले आणि दार लावून घेतले. वाळताना माझी ऐंशी ते सव्वाशे ही पाने एकमेकांना चिकटली, एका ठोकळ्यासारखी. पुढच्या खेपेला ओलेथाला वर सांगितले गेले, की ती वही हात लावण्याच्या स्थितीत नाही. तिचा आवाज जिन्यावरून मला ऐकू आला. “एकच पान बघायचं होतं.” त्यानंतर तीसहून अधिक वर्षे मी अंधारात होते.

मला बाहेर काढले ते लॅव्होन हिकमनने. दोन हजार आठ साली. तीही काळी, आणि आता मोठ्या दालनातल्या मुख्य टेबलाशी बसणारी. जुन्या वह्यांची छायाचित्रे घ्यायचे काम निघाले होते. तिने मला वर आणले, फडक्याने पुसले आणि आजूबाजूच्या चर्चना कळवले, की जुन्या नोंदी पाहायच्या असतील तर या.

सगळ्यांत आधी ओलेथा आली. सत्त्याहत्तर वर्षांची. ज्युनेलने दंडाला धरून आणले होते. दोनशे चौदावे पान ओलीतून वाचले होते. शाई थोडी पसरली होती, पण फराटा शाबूत होता.

“हे माझे वडील?” ज्युनेल म्हणाली. तिचे केसही पांढरे झाले होते.

“हो. रेघेत राहणं त्याला कधी जमलंच नाही,” ओलेथा म्हणाली.

लॅव्होनने खालचा कोरा भाग पाहिला. “मिस ओलेथा, हे असं का?”

“पाद्र्यानं कागद हरवला, बाळ. जुनी गोष्ट आहे.”

तीन आठवड्यांनी लॅव्होन माझ्या चिकटलेल्या पानांशी पोहोचली. बोथट सुरीने ती एकेक पान सोडवत होती, श्वास रोखून. सत्त्याण्णवावे पान सुटले आणि शिवणीतला कागद तिला दिसला. कडा तपकिरी झाल्या होत्या, मजकूर स्पष्ट होता. वॉटली, प्रुइट. विवाह सतरा सप्टेंबर एकोणीसशे पन्नास. पर्व्हिस टायसन. आणि वरच्या कोपऱ्यात, घेतानाच घातलेला गॅडीच्या हातचा छोटा शेरा: “मिळाला, १९ सप्टें.”

लॅव्होनने लगेच फोन केला. दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. मला वाटले होते, आता हसतील, रडतील, एकमेकींना मिठी मारतील. ज्युनेल रडलीच. ओलेथाने चष्मा लावला आणि कागद वाचला. मग तो शेरा वाचला. मग पुन्हा वाचला.

“एकोणीस म्हणजे मंगळवार होता का?” तिने विचारले.

लॅव्होनने संगणकावर पाहिले. “हो, मंगळवार.”

“रेव्हरंड मंगळवारच म्हणत होते.” ती खुर्चीत बसली. “पहिल्या दिवसापासून मंगळवारच म्हणत होते.”

“आई, आता तरी कागद मिळाला ना,” ज्युनेल म्हणाली. “आता तू रीतसर माझ्या वडिलांची बायको. आपण अर्ज करू, सगळं सुधारून घेऊ.”

“मी रेव्हरंडना काय काय बोलले, तुला माहीत नाही, ज्युनेल. त्यांची बायको दोनदा माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. मी आत बसून होते, दार उघडलं नाही. त्यांच्या मयतीला आख्खं शाईलो रस्त्याने चाललं होतं आणि मी अंगणात चादरी वाळत घालत होते. सगळ्यांना दिसावं म्हणून घालत होते.” तिने कागद खाली ठेवला. “त्यांचं कोणी आहे का गावात?”

“कोणी नाही, मिस ओलेथा. मुलगी होती शिकागोला. तीही गेली,” लॅव्होन म्हणाली.

 मग लॅव्होनने पेन घेतले आणि माझा खालचा भाग भरायला सुरुवात केली. वधू, वर, ठिकाण, तारीख. शेवटी ‘नोंद केल्याचा दिनांक’ असा रकाना असतो. तिथे तिला त्या दिवसाचीच तारीख घालणे भाग होते. वर एकोणीसशे पन्नास आणि खाली दोन हजार आठ. मधल्या अठ्ठावन्न वर्षांसाठी माझ्यात रकाना नाही.

“रेव्हरंडचं नाव जरा ठळक लिही,” ओलेथा म्हणाली. एझेलच्या सहीकडे त्या दिवशी तिने पाहिलेही नाही.

तिने दोन नकला घेतल्या. एक ज्युनेलला दिली. दुसरीचे काय झाले ते वसंतात कळले. आईच्या मृत्यूची नोंद करायला ज्युनेल एकटीच आली तेव्हा तिने लॅव्होनला सांगितले. आईने ती नक्कल शाईलोच्या मागे टायसन यांच्या थडग्यावर नेऊन ठेवली, वर दगड ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत तिथे उभी राहिली. आठवड्याभरात दवाने आणि मुंग्यांनी कागद संपवला. मग आई ज्युनेलला दिलेली नक्कल मागू लागली. ती दिली, तीही तिथेच नेली. मग खाटेवरून उठवेना. अर्ज शेवटपर्यंत केलाच नाही.

माझी छायाचित्रे आता यंत्रात आहेत. लोक ती घरबसल्या पाहतात. मला एका राखी खोक्यात घालून दोरीने बांधले आहे आणि आत सत्त्याण्णवावे पान पुन्हा तसेच मिटलेले आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. बाहेरचा माणूस हॅट हातात धरून म्हणेल, की मी कागद दिला होता. त्याच्या तोंडाकडे बघून निकाल देऊ नका. आपल्या समोरच्या वह्या आधी उघडा. मी कोरडी होते, पाने सुटी होती, तेव्हा कोणी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी सावकाश जरी चाळले असते, तरी अर्ध्या तासाचे काम होते.